बैठक सोपवायची म्हणजे नक्की काय काय सोपवायचं

नमस्कार दादा,

तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं लिहिलेलं कळेल. दादा 74 वर्षांचे, इंदूरला रामबागेत राहतात, घरी गेली 28 वर्षं दर महिन्याला गाणं ऐकायची बैठक करतात, रेकॉर्डी, कॅसेटी, कधी एखादा गाणारा आला तर समोर बसून. यादीत चाळीसेक नावं आहेत, येतात पंधरा-वीस. आता गुडघे बोलायला लागलेत, मुलगा पुण्यात, आणि तरुण मंडळी येतात, छान ऐकतात, पण "जबाबदारी घ्या म्हटलं की सगळे एकदम मोबाइलमध्ये बघतात". तर कुणाकडे द्यावं, कसं द्यावं, आणि दिल्यावर आपण स्वतः जावं की नाही, असे तीन प्रश्न आहेत.

मी पण इंदूरचीच, वैशाली नगर साइडची. आमची अशीच बैठक मी बरीच वर्षं चालवली आणि मग सोडली, ती अजून चालू आहे, आणि तेव्हापासून ओळखीतल्यांची भजनी मंडळं, भिश्या, एक नाट्यवाचनाचा ग्रुप, असे कुणी ना कुणी हेच विचारायला येतात, त्यामुळे बरंच बघून झालंय. एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसते. लोक कामं सोपवतात आणि निर्णय स्वतःकडे ठेवतात. खुर्च्या तू लाव, मेसेज तू टाक, स्पीकर तू आण, पण काय वाजवायचं, कुणाला बोलवायचं, किती वाजता सुरू करायचं ते मी सांगणार. आणि मग म्हणतात आजकालची मुलं टिकत नाहीत. अहो कशी टिकतील, सुनेच्या हातात किल्ल्यांचा जुडगा द्यायचा आणि रोज रात्री साखरेचा डबा उघडून बघायचा की किती कमी झाली, असल्या घरात कोण राहील. त्यामुळे मी उलटं करायला सांगते. आधी एखादा निर्णय द्या, खराखुरा, ज्याच्यात तुमचं मन अडकलंय असा, आणि हमाली काही दिवस तुमच्याचकडे राहू द्या. पुढची बैठक पूर्ण त्याने ठरवायची, तुम्ही फक्त खुर्च्या मोजायच्या. दोन-तीन महिन्यांत माणूस कळतो आणि आपण पण कळतो स्वतःला.

आता "जबाबदारी घ्या म्हटलं की" बद्दल. तुम्ही विचारलंत कसं ते मला न बघता सांगता येईल. बैठक संपली, चहा झाला, सगळे चपला शोधतायत, आणि तुम्ही म्हणालात की माझं आता वय झालं, कुणीतरी पुढे या. वीस लोकांना एकदम विचारलं की कुणालाच विचारलेलं नसतं. शिवाय समोर 28 वर्षांचं उदाहरण उभं आहे! चाळिशीतला माणूस मनात हिशोब करतो की आत्ता हो म्हटलं तर मी सुटणार केव्हा, याच वयाचा होऊन. ही जन्मठेप कोण घेईल. म्हणून एकाच माणसाला, वेगळं बोलावून, मुदत सांगून विचारा. "दोन वर्षं बघशील का, त्यानंतर नको वाटलं तर दुसरं कुणी बघू" एवढंच. दोन वर्षांना लोक हो म्हणतात. आणि मग त्या दोन वर्षांनंतर खरंच विचारायचं की पुढे ठेवायचं का, हे विसरायचं नाही, नाहीतर तुमच्या शब्दावर दुसऱ्यांदा कुणी विश्वास ठेवणार नाही.

कोण निवडावं. बहुतेक जण सगळ्यात जाणकार माणूस निवडतात आणि तिथेच घोडं पेंड खातं. ज्याला प्रत्येक बंदिशीचं घराणं सांगता येतं तो बैठक चालवेलच असं काही नाही, उलट तो इतरांना ऐकूच देत नाही असा अनुभव जास्त. मी बघते की चहा झाल्यावर कप आत कोण नेऊन ठेवतं, नवीन आलेल्या माणसाशेजारी जाऊन कोण बसतं, मेसेजला त्याच दिवशी उत्तर कोण देतं, आणि "नाही, या महिन्यात जमणार नाही" असं तोंडावर स्वच्छ कोण सांगू शकतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे हो. ज्याला नाही म्हणता येत नाही तो सगळं अंगावर घेतो आणि सहा महिन्यांत गायब होतो. रागदारी त्याला थोडी कमी कळली तरी चालेल, जाणकार आहेतच की बाजूला बसलेले, त्यांना काय वाजवायचं ते विचारता येतं.

एक जागा सांगते जिथे असा माणूस सापडतो. तुम्ही सप्टेंबरात लता मंगेशकरांची बैठक करत असालच, इंदूरात जन्मल्या त्या, 28 सप्टेंबर 1929, इथे ती न करणारं गाण्याचं मंडळ मला तरी माहीत नाही. त्या दिवशी जे लोक येतात ते एरवी ख्यालाला, म्हणजे रागदारीला, येत नाहीत, थोडं घाबरतात की आपल्याला कळणार नाही. त्यातलं जे कुणी ऑक्टोबरात पण परत येतं ना, त्याच्यावर लक्ष ठेवा. आमच्याकडे आता जी बघते ती अशाच दाराने आली. ती काही गाणं शिकलेली नाही, बँकेत आहे, पण फेब्रुवारीत ख्यालगायक अमीर खाँसाहेबांच्या आठवणीची बैठक (ते 13 फेब्रुवारी 1974 ला गेले) तिने जशी लावली तशी मला कधी जमली नव्हती, कारण तिने आधी दहा मिनिटं एका साध्या माणसाला विचारलं की तुम्हाला यात काय ऐकू येतं, आणि मग जाणकारांना बोलू दिलं.

बरं, आता कामाचं. तुमची बैठक म्हणजे एकखांबी तंबू आहे, आणि खांबाच्या डोक्यात काय काय आहे ते खांबालाच माहीत नसतं. तुम्हाला लिहून काढायला सांगितलं तर तुम्ही लिहाल: तारीख, मेसेज, रेकॉर्डी, चहा. झालं. म्हणून असं करा, दोन महिने फोनजवळ एक वही ठेवा आणि बैठकीच्या संदर्भात जो फोन येईल, जो मेसेज येईल, तो एका ओळीत लिहा. टिळक नगरच्या काकूंना न्यायला कोण येणार. गेल्या वेळी कुणाची तरी छत्री राहिली. एकांना जिना चढता येत नाही तर लिफ्ट चालू आहे का. सानंद संस्थेचं मराठी नाटक त्याच शनिवारी आहे, तारीख बदलणार का. शेजाऱ्यांना सांगितलंय का की रात्री साडेनऊपर्यंत आवाज येईल. अमुक आणि तमुक यांना एका गाडीत बसवू नका, 2009 पासून बोलत नाहीत एकमेकांशी. ही खरी बैठक आहे दादा, रेकॉर्ड वाजवणं तर कुणीही करेल. ती वही म्हणजे तुमचं सोपवायचं रजिस्टर.

आणि आता जे लिहिते त्याचा राग मानू नका. तुम्ही एवढा मोठा प्रश्न लिहिलात, त्यात वहिनी एकदाच आल्या, "सौ. पण आता थकते" एवढ्याच. वहिनींना विचारलंत का, की तू या बैठकीसाठी काय काय करतेस? विचारा, आणि त्या सांगतील ते दुसऱ्या वहीत लिहा, मधे बोलू नका. माझी पैज आहे की ती वही पहिलीपेक्षा जाड होईल. कुणाला डायबेटिस आहे म्हणून त्याचा कप वेगळा. कोणाचे यजमान गेले आणि ती बाई वर्षभर आली नाही तेव्हा तिला फोन करून परत कुणी आणलं. दिवाणखान्यातला सोफा कुणी ओढला, सतरंज्या कुणी उन्हात टाकल्या, दुसऱ्या दिवशी कुणी झाडलं. घरी चालणारी अर्धी मंडळं अशी घरातल्या बाईच्या जीवावर चालतात आणि आभाराच्या भाषणात त्यांना एक गुलाबाचं फूल मिळतं. जो नवीन माणूस घेणार आहे त्याच्या घरी वहिनी असतीलच असं नाही, असल्या तरी त्या ऑफिसला जातात, त्या का करतील. तेव्हा हा दुसऱ्या वहीतला भाग एक तर वाटून द्यावा लागतो किंवा बंद करावा लागतो.

खाण्याचं बघा ना. इंदूर आहे, सुरुवात होते चहा आणि सेव-परमलने (शेव-मुरमुरे), मग कुणीतरी थंडीत गराडूचा कंद तळतं, मग पुढच्याला वाटतं आपलं कमी पडायला नको तर तो भुट्ट्याचा कीस करतो, पुढची साबुदाण्याची खिचडी आणि जिलबी, आणि दोन वर्षांत असं होतं की घरी बैठक ठेवायला कुणी तयार नाही कारण ती बैठक राहिली नाही, ते लग्नाचं रिसेप्शन झालं. सोपवायच्या आधी तुमच्या हातून हे कमी करा. चहा आणि सेव-परमल, बस. हे तुम्हीच करायला पाहिजे कारण नव्याने केलं तर म्हणतील कंजूष आहे, आणि तुम्ही केलं तर म्हणतील दादांनी बरं केलं. असे जेवढे वाईटपणा घ्यायचे निर्णय आहेत ते जाता जाता तुम्ही घेऊन टाका.

मग एक महिना पुण्याला जा मुलाकडे. खरंच जा, आणि बैठक तुमच्याशिवाय होऊ दे, जिथे होईल तिथे. रामबागेतच व्हायला पाहिजे असं मनात असेल तर ते पण काढा, तिथे आता गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून निपानिया-बायपासकडची किती मंडळी येत नसतील ते विचारा एकदा. जागा फिरती ठेवली तर वहिनींचा पण सुटकारा. आणि पुण्याहून "कशी झाली" असा फोन करायचा नाही, ते सांगतील तर ऐकायचं.

पैशाचं आता, हे कंटाळवाणं आहे पण इथेच सगळ्यात जास्त भांडणं होतात. तुम्ही लिहिलंय की वर्गणीतले थोडे पैसे तुमच्या नावावरच्या बचत खात्यात आहेत आणि एक छोटी एफडी. तुमच्या नावावर आहेत म्हणजे कागदावर ते तुमचेच आहेत दादा. उद्या काही झालं तर ते नॉमिनीकडे आणि वारसांकडे जाणार, आणि पुण्याचा मुलगा कितीही सज्जन असला तरी त्याला कसं कळणार की यातले किती मंडळाचे. आमच्या ओळखीतल्या एका मंडळात असंच झालं, रक्कम काही मोठी नव्हती, पण मागायला जायचं कुणी या लाजेखातर कुणी गेलंच नाही. आणि खात्यात दोन वर्षं आपल्याकडून व्यवहार झाला नाही तर बँक ते निष्क्रिय धरते, नुसतं बचत खात्याचं व्याज जमा होणं याला व्यवहार धरत नाहीत. दहा वर्षं कुणी विचारलं नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जातात. मागितले तर तिथून परत मिळतात, पण मागणारा खातेदार नाहीतर वारस लागतो, मंडळ नाही.

छोट्या ग्रुपला माझा सल्ला असा की पैसा साठवूच नका. आहे तो हिशोब ग्रुपवर टाका, एफडी मोडा, त्यातून कॅसेटींचं काम करून घ्या (खाली लिहिते), उरलेलं नवीन माणूस आणि आणखी एक जण अशा दोघांच्या संयुक्त खात्यात, आणि पुढे महिन्याचं महिन्याला उडवा. काही जण म्हणतील रजिस्टर करा. मध्य प्रदेशात 1973 चा सोसायटी नोंदणीचा कायदा आहे, नोंदणी होते, पण मग दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि हिशोब रजिस्ट्रारकडे द्यायचे, माणसं बदलली की ते कळवायचं. जिथे स्वतःची जागा आहे, देणग्या येतात, मोठे कार्यक्रम होतात, तिथे हे करायलाच पाहिजे. पंधरा माणसं गाणं ऐकतात त्यांनी सोसायटी करणं म्हणजे सुखातला जीव दुःखात घालणं, आणि नवीन माणसाला पहिलीच भेट फाइलींची द्याल तर तो पळेल.

व्हॉट्सॲपचं दोन मिनिटांत सांगते. तुम्ही ग्रुप नाही, ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो ती) वापरता असं लिहिलंय. ब्रॉडकास्ट फक्त त्याच लोकांना पोचतो ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह केलाय. म्हणजे नवीन माणसाने हीच यादी आपल्या फोनवर केली आणि मेसेज टाकला तर अर्ध्या लोकांना तो मिळणारच नाही, आणि ते समजतील की बैठक बंद पडली किंवा आपल्याला वगळलं. मग सुरू होतं मानापमान. म्हणून आधी ग्रुप करा, तुम्ही आणि नवीन दोघं ॲडमिन, सगळे आले की तुमचं ॲडमिनपण काढून घ्यायला सांगा. ॲडमिन एकटे असाल आणि तसेच बाहेर पडलात तर व्हॉट्सॲप आपल्या मनाने कुणालातरी ॲडमिन करतं, आमच्या भिशीत अशा एका काकूंना केलं ज्यांना ग्रुप उघडता पण येत नाही. आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे अशा चार-पाच जणांना फोन करायचं काम कुणाचं, हे नाव घेऊन ठरवा. मंडळाचा फोटोंचा जीमेल असेल तर त्याचा पासवर्ड नवीन माणसाला द्या, दोन वर्षं कुणी उघडला नाही तर गूगल असं खातं काढून टाकू शकतं, फोटोंसकट.

आता रेकॉर्डी आणि कॅसेटी, ज्याच्यावर तुमचा खरा जीव आहे हे तुमच्या लिहिण्यावरून कळलंच. यात दोन वेगळे प्रश्न आहेत, वस्तू कुणाच्या आणि त्या जगतील कशा. आधी पहिला. एका संध्याकाळी बसून प्रत्येक खोक्यावर लिहा: माझ्या, मंडळाच्या, किंवा अमुक कडून आणलेल्या, परत द्यायच्या. हे तुमच्याशिवाय जगात कुणाला करता येणार नाही. तानपुरा पण. तुम्ही लिहिलंय तानपुरा मंडळाने वर्गणी काढून घेतला होता, तर तो कुणाकडे राहील, जवारी काढायचा (घोडी घासून आवाज खुलवायचा) खर्च कोण देईल, बाहेर मागितला तर द्यायचा का, हे आत्ताच बोलून घ्या. तानपुऱ्याचा भोपळा एकदा धक्का लागून तडकला की मग जन्मभर "तुझ्या घरी तडकला" चालतं. माझं मत, जो रोज रियाज करतो त्याच्या घरी ठेवा, वाजत राहिला तर चांगला राहतो.

जगवायचं कसं. तुम्ही खोकी गच्चीवरच्या खोलीत आडवी ठेवलीत, एकावर एक. ती खाली आणा, या वर्षी मे लागायच्या आत. इंदूरच्या मे महिन्यात त्या खोलीत काय तापतं ते तुम्हाला माहीत आहे, एलपी वाकते, आणि एकदा वाकली की सुई नाचते. 78 आरपीएमच्या जुन्या लाखेच्या आहेत, त्या ठिसूळ, एकावर एक ठेवल्या की खालच्या फुटतात. सगळ्या उभ्या ठेवायच्या, पुस्तकांसारख्या, फार घट्ट नाही आणि कलत्या पण नाहीत. कॅसेटी आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षं पडून टेप चिकटलेली असते. मग डिजिटल करताना एमपी 3 मध्ये करू नका, बहुतेक दुकानवाले तेच करून देतात कारण फाइल छोटी होते. वेव्ह किंवा फ्लॅक मागा, त्यात आवाजातलं काही कापलं जात नाही, 24 बिट 96 किलोहर्ट्झवर, वेव्हमध्ये स्टिरिओचा एक तास जवळजवळ 2 जीबी होतो, हल्ली हार्ड डिस्क त्यामानाने स्वस्त आहेत. ऐकायला वाटायची असेल तर त्यावरून एमपी 3 नंतर करता येते, उलटं नाही होत. दोन डिस्कवर कॉपी, दोन वेगळ्या घरांत, आणि एक क्लाउडवर. सीडीवर भरून ठेवलं म्हणून निश्चिंत राहू नका, घरी भरलेल्या सीड्या काही वर्षांत वाचता येईनाशा होऊ शकतात.

सगळं करायला जमणार नाही, म्हणून बाजारात जे मिळतं ते सोडा. तुमच्याच दिवाणखान्यात जे लोक गाऊन गेले, त्या कॅसेटी आधी, कारण त्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला तुम्ही स्वतःच्या आवाजात बोला की कोण, केव्हा, साथीला कोण, त्या रात्री काय झालं. लेबलवरचं "भैरवी, फार छान" हे तुमच्यानंतर कुणाला काही सांगणार नाही.

नवीन मुलं म्हणतील यूट्यूबवर टाकू. इथे थांबवा. नफ्यासाठी नसलेल्या क्लबच्या कार्यक्रमात रेकॉर्ड वाजवायला 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये मुभा आहे, त्यामुळे बैठकीची काळजी करू नका. पण नेटवर टाकणं वेगळं. प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डवर कंपनीचा हक्क 60 वर्षं असतो, आणि घरी गायलेल्या गाण्यावर गाणाऱ्याचा स्वतःचा हक्क असतो, त्याची मुदत कायद्यात 50 वर्षं दिलीय. गाणारा किंवा त्यांच्या घरचे यांना विचारून, लिहून घेऊन टाका. कायदा सोडा, कुणी तुमच्या घरी जेवून, घसा बसलेला असताना तुमच्या आग्रहाखातर गायलं, ते त्याच्या मागे नेटवर टाकणं हे बरं दिसत नाही.

भाषेचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण तो येणार, तयारी ठेवा. नवीन जो कुणी घेईल तो मेसेज हिंदीत टाकेल, रोमन लिपीत टाकेल, आणि त्याच्याबरोबर त्याचे मित्र येतील जे मराठी नाहीत. आणि जुने म्हणतील हे आपलं मराठी मंडळ होतं. आपल्याच नातवंडांना मराठी वाचता येत नाही हे कुणी बोलत नाही. माझं मत स्पष्ट आहे, मराठीसाठी इथे वेगळ्या संस्था आहेत, महाराष्ट्र साहित्य सभा आहे, त्यांचं काम त्या करतातच. गाणं ऐकायच्या बैठकीत अमीर खाँसाहेबांचा मारवा राग समजायला मराठी यायची अट कशाला. कुमार गंधर्व बेळगावकडचे, तब्येतीसाठी हवापालट म्हणून 1948 मध्ये देवासला आले आणि माळव्याची लोकगीतं वेचून वेचून गायला लागले, त्यांना इथल्या कुणी भाषेची परीक्षा घेऊन आत घेतलं होतं का? आमच्याकडे आता मेसेज दोन्ही भाषांत जातो, निवेदन ज्याला जसं येतं तसं. एक गृहस्थ सहा महिने रुसले होते, मग आले परत. पण हा निर्णय नवीन माणसाचा आहे, तुम्ही फक्त एवढं करा की जुन्यांपैकी कुणी तक्रार घेऊन तुमच्याकडे आलं तर ती ऐकून घेऊ नका.

हेच सगळ्यात कठीण असतं. आमच्याकडे आता जी बैठक बघते तिने पहिल्या तीन महिन्यांत वार बदलला. दुसरा शनिवार संध्याकाळ होती, तिने रविवारी सकाळी दहाला केली. मला विचारलं नाही, सांगितलं. संध्याकाळचे राग सकाळी कसे ऐकायचे असं मनात आलंच. आणि मग फोन सुरू झाले. पहिला फोन साडेसातला सकाळी, "अहो हे काय चालवलंय, तुम्ही काहीतरी बोला तिला". मी म्हटलं तिचा नंबर आहे ना तुमच्याकडे? "आहे, पण तुम्ही बोललात तर". मी म्हटलं मी आता चहा प्यायला येते फक्त, तिला करा फोन. असे पाच-सहा फोन झाले, सगळ्यांना शब्द न बदलता तेच उत्तर. दोघांनी तिला फोन केला, तिने सांगितलं की रात्री गाडी चालवायला भीती वाटते म्हणून किती बायका येत नव्हत्या. बाकीच्यांनी फोनच केला नाही, म्हणजे तक्रार तेवढीच होती. सकाळी लोक वाढले. तोडी, बिलावल, सारंग वगैरे जे आम्ही वर्षानुवर्षं ऐकले नव्हते ते ऐकायला मिळाले. आणि समजा लोक कमी झाले असते, तरी मी तेच उत्तर दिलं असतं, कारण त्या पहिल्या फोनला मी "बघते हं, बोलते तिच्याशी" म्हटलं असतं ना, तर त्या क्षणी बैठक परत माझी झाली असती.

आणि कुणीच नाही मिळालं तर? तर बंद करा, त्यात काही वाईट नाही. एक तारीख सांगून, शेवटची बैठक चांगली करून, हिशोब देऊन, वस्तू ज्याच्या त्याला देऊन बंद करा. भिजत घोंगडं ठेवू नका, की बघू पुढच्या महिन्यात, बघू दिवाळीनंतर. नीट बंद केलेलं काही वेळा दुसरं कुणी वेगळ्या नावाने सुरू करतं. तुमचंच नाव लावा असा आग्रह मात्र धरू नका, चालू असलेल्यांकडे पण नाही.

तुमचा तिसरा प्रश्न, आपण जावं की नाही. पूर्ण सोपवल्यावर सुरुवातीचे तीन-चार महिने जाऊ नका, पुणं आहेच, नाहीतर गुडघ्याचं निमित्त आहे. मग जा, पण उशिरा जा, म्हणजे तुम्ही यायची वाट न बघता सुरू करायची त्यांना सवय होईल. समोरच्या तुमच्या नेहमीच्या जागेवर बसू नका, मागे खुर्चीवर बसा, गुडघ्यांना पण बरं. कुणी तुमच्याकडे बघून विचारलं की दादा हा कोणता राग, तर तुम्हाला येत असलं तरी जो चालवतोय त्याच्याकडे बघा. त्याने चुकीचा सांगितला तर तिथे काही बोलू नका, घरी जाताना गाडीत सांगा, त्याने विचारलं तर.

वहिनींची वही झाली की कळवा, ती कशी वाटायची ते मग बघू. आणि मे लागायच्या आत ती खोकी.